सपरीपर्यंत स्पीकर न्यायचा तर कोणती वायर?

प्रश्न असा आला आहे: दारव्हा तालुक्यातलं गाव. घराचं काम काढलंय, त्यातच समोरची खोली आणि सपरी (पडवी) अशा दोन्हीकडे गाणी-भजनं ऐकता यावीत म्हणून घरचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर दुरुस्त करून घेतला. चॅनलला ५० वॅट. खोलीतले दोन स्पीकर ॲम्पपासून चार मीटरवर, सपरीतले दोन पंधरा मीटरवर, सगळे ८ ओहमचे. दुकानदार म्हणतो ओएफसी, म्हणजे जास्त शुद्ध तांब्याची वायर घ्या. पुण्याचा चुलतभाऊ चांदीचा मुलामा असलेली केबल पाठवतो म्हणतो. बाबा म्हणतात, बोअरच्या मोटरची केबल उरली आहे, तीच लाव. काय करू?

भाऊ, बाबांचं ऐका. ती उरलेली केबल तांब्याची असेल आणि अडीच स्क्वेअर एमएमची असेल, तर सपरीसाठी तिच्याहून चांगली वायर तुम्हाला दारव्ह्यातच काय, नागपूरच्या सीताबर्डीतही मिळायची नाही. निदान कानाला फरक कळेल अशी तर नाहीच. मोटर वायंडिंग आणि ॲम्प दुरुस्ती ही दोन्ही कामं मी एकाच टेबलावर करतो, त्यामुळे तांबं आणि ‘जर्मन’ (म्हणजे ॲल्युमिनियम) यांच्याशी रोजचीच गाठ आहे. म्हणून जरा बैजवार सांगतो.

आधी वायर काय करते ते बघू. ५० वॅटचा ॲम्प ८ ओहमचा स्पीकर पूर्ण जोरात वाजवतो तेव्हा वायरीतून साधारण २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर जातात. म्हणजे व्होल्टेज थोडं, करंट बराच. वायरीचा रेझिस्टन्स त्यातला आपला वाटा मधेच खातो आणि त्याची उष्णता करून टाकतो. ठिबकची नळी लांबली की शेवटच्या ड्रिपरला दाब कमी पडतो, तसंच. शिवाय करंट जातो तसा परतही येतो. म्हणून १५ मीटरवरच्या स्पीकरसाठी हिशेब ३० मीटरचा धरायचा. लोक नेमकं हेच अर्धं विसरतात.

आता आकडे. मल्टिस्ट्रँड तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किती चालेल, हे मानकातच ठरवून दिलेलं आहे. २० अंश तापमानाला एक किलोमीटर वायरीचा रेझिस्टन्स अर्ध्या स्क्वेअर एमएमला ३९ ओहम, पाऊणला २६, एकला साडेएकोणीस, दीडला १३.३ आणि अडीचला जेमतेम ८ ओहम. याच्या वर गेला तर माल खोटा. जुन्या दुकानांत अजून १४/७६, २३/७६, ४०/७६ असं माप चालतं. त्यातला पहिला आकडा तारांचा आणि दुसरा तारेच्या जाडीचा. चौदा छहत्तर म्हणजे अर्ध्याच्याही थोडी आतली, तेवीस छहत्तर पाऊणच्या आसपास आणि चाळीस छहत्तर एकच्या थोडी वर.

तुमच्या सपरीचा हिशेब करू. चौदा छहत्तरसारखी बारीक लाल-काळी वायर ओढली, ती अगदी पूर्ण अर्धा स्क्वेअर एमएम धरली, तरी ३० मीटरला जवळपास १.१७ ओहम होतात. ८ ओहमच्या स्पीकरसमोर हे थोडं नाही. ॲम्पने दिलेल्या पॉवरचा आठवा हिस्सा वायरीतच जातो आणि आवाज सुमारे १.२ डीबीने (डीबी म्हणजे डेसिबल, आवाज मोजायचं माप) उतरतो. दीडची घेतली तर ०.४ ओहम, अडीचची घेतली तर ०.२४. जाऊन-येऊन धरलेला वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, असा या धंद्यातला साधा नेम आहे. ८ ओहमला ०.४ ही हद्द झाली. म्हणजे सपरीला दीड काठावर पास होते, अडीच आरामात. त्यातही ते आकडे २० अंशांचे. आपल्याकडे मे महिन्यात टिनाखाली ४५ सहज होतं, आणि तेवढ्याने तांब्याचा रेझिस्टन्स दहा टक्के वाढतो. काठावरची वायर उन्हाळ्यात काठाबाहेर जाते. म्हणून अडीच.

खोलीतल्या चार मीटरला म्हणाल तर एक स्क्वेअर एमएम भरपूर झाली. दोन टक्केच होतात.

कोणी म्हणेल, १.२ डीबी गेला तर गेला, आवाजाचं बटण थोडं पुढे सरकवू. गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण तो आकडा प्रत्येक सुराला तेवढाच राहत नाही. मानकाप्रमाणे तो ६.४ पर्यंत उतरू शकतो, आणि खालच्या एका ठरावीक सुरावर, जिथे स्पीकरचा कोन, म्हणजे आतला पडदा, मोकळेपणाने थरथरतो, तिथे तो ३० ओहम किंवा त्याहूनही वर जातो. बारीक वायरीचे १.१७ ओहम ६.४ ला जवळपास दीड डीबी खातात आणि ३० ला फक्त एक तृतीयांश डीबी. म्हणजे सगळा आवाज सारखा कमी होत नाही. खालचा घुमारा तसाच राहतो आणि त्याच्या वरचा भाग मागे सरकतो. खंजिरी भजन लावलं की डग्ग्याचा फुगवटा ऐकू येतो आणि बोल पुसट होतात. ‘नव्या वायरने आवाज मोकळा झाला’ असं गिऱ्हाईक सांगते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. जुनी बारीक होती, नवी जाड आली. श्रेय मात्र डब्यावरच्या सोनेरी अक्षरांना मिळतं.

चुलतभावाच्या चांदीचं थोडक्यात सांगतो. विजेच्या वहनाचं माप १९१३ साली ठरलं, त्यात शुद्ध मऊ तांब्याला १०० धरलं. त्या मापाने चांदी १०६ च्या आसपास आणि ॲल्युमिनियम ६१ च्या आसपास भरतं. म्हणजे अख्खी भरीव चांदीची अडीचची वायर केली तरी ती तांब्याच्या २.६५ एवढीच चालणार. आणि तुम्हाला मिळणार तो नुसता मुलामा. वरच्या सुरांचा करंट तारेच्या कडेने वाहतो म्हणून मुलामा कामी येतो, असं सांगतात. कडेने वाहतो हे खरं आहे. पण २० किलोहर्ट्झला, जिथे माणसाचे कान संपतात, तिथेही तो तांब्यात सुमारे अर्धा मिलिमीटर आतपर्यंत असतो. तारांचा अख्खा जुडगा धरला तरी रेझिस्टन्सची वाढ ८ ओहमच्या स्पीकरसमोर नावापुरतीच असते. त्याला सांगा, बाबा रे, त्याच पैशात दिवाळीला एक चांगली जोडी स्पीकरची घेऊन ये.

ओएफसी म्हणजे ऑक्सिजन काढलेलं तांबं. साधं विजेचं तांबं ९९.९ टक्के शुद्ध असतं, हे ९९.९५ किंवा वर. वहनात फरक टक्काभर. वाईट काहीच नाही, पण दीडची ओएफसी घेण्यापेक्षा अडीचची साधी घेतलेली केव्हाही बरी. दुकानदार ओएफसी म्हणतो तेव्हा त्याला एकच विचारायचं: ऑक्सिजन राहू द्या, आत तांबं आहे का?

कारण आजच्या बाजारात खरा घोळ इथे आहे. स्पीकर वायर म्हणून जी जाडजूड, पारदर्शक, गुबगुबीत वायर स्वस्तात मिळते, ती बरेचदा सीसीए असते. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचं पातळ साल. तांबं दहा टक्क्यांच्या आसपास, तेही आकाराने. तांब्याचा भाव किती, हे मोटर जळाल्यावर वायंडिंगचं बिल देणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. आपल्या गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची एवढी मोठी खाण आहे, तरी देशाला तांबं पुरत नाही. मग कोणीतरी ॲल्युमिनियमला तांब्याचा अंगरखा घालणारच.

सीसीए हा गुन्हा नाही. तांबं सांगून विकणं हा गुन्हा. रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, एवढं धरून एक माप वरची घेतली तर खोलीत स्थिर राहणाऱ्या स्पीकरला ती चालते. अडीचची सीसीए म्हणजे दीडचं तांबं. पण तिच्या तारा दोन-चारदा वाकवल्या की तुटतात, सोल्डर नीट धरत नाही, आणि स्क्रूखाली दाबलेलं ॲल्युमिनियम हळूहळू दबत जाऊन जोड ढिला पडतो. सपरीत, जिथे पावसाळी हवा लागते, तिथे मी ती लावत नाही.

ओळखायची कशी? एक तार घ्या, ब्लेडने हलकं खरवडा. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर सीसीए. वरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर ती कल्हई केलेली, म्हणजे टिनचं अस्तर असलेली तांब्याची वायर. ती उत्तम, तिला ॲल्युमिनियम समजून परत करू नका. गावात सोनार असेल तर आणखी पक्की परीक्षा आहे. एक मीटर वायर सोलून फक्त धातू वजन करा. दीड स्क्वेअर एमएमचं तांबं तेराच्या आसपास ग्रॅम भरतं, सीसीए पाच. इतका फरक आहे की काट्याचीही गरज पडू नये, हातालाच कळतं. लायटरवर तार धरून बघायची पद्धतही चालते. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, तांब्याला १०८५ लागतात. पण केसाएवढी बारीक तार असेल तर या परीक्षेवर मी विसंबत नाही. खरवडणं बरं.

अख्खं ९० मीटरचं दोन तारी बंडल घेत असाल तर दुकानातच मल्टिमीटर लावा. एका टोकाला दोन्ही तारा एकमेकींना पिळा, दुसऱ्या टोकाला मोजा. दीडचं तांबं असेल तर १८० मीटरचे २.४ ओहम येतील, सीसीए असेल तर पावणेचारच्या जवळपास. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा दिसेल तो वजा करा, स्वस्त मीटरच्या पिनांतच पाव-अर्धा ओहम असतो. तुकडा घेत असाल तर मात्र मीटरचा उपयोग नाही, एवढं बारीक त्याला दिसत नाही.

आता बोअरच्या केबलकडे येऊ. ती चपटी, तीन तारी असते, लाल-पिवळा-निळा, वर काळं जाड आवरण. सपरीसाठी ते काळं आवरण फारच कामाचं. पारदर्शक वायर उन्हाने कडक होते आणि आतलं तांबं हिरवं पडतं, ही केबल पाण्यात राहण्यासाठीच बनवलेली. लाल तार प्लसला लावा. पिवळी आणि निळी दोन्ही टोकांना एकत्र करून मायनसला. त्याने परतीचा रस्ता दुप्पट रुंद होतो आणि तुमच्या १५ मीटरचा हिशेब ०.२४ वरून ०.१८ ओहमवर येतो. नाही केलं तरी बिघडत नाही, मग उरलेल्या तारेचं टोक टेप करून ठेवा. केबल आधी बोअरमध्ये राहिलेली असेल तर पाणी तारांमधून आत चढलेलं असतं. टोक सोललं की तांबं काळं दिसेल. काळं संपून चकचकीत लाल तांबं लागेपर्यंत कापत जा, मग जोडा.

खांबावरून मीटरपर्यंत येणारी ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर पडून असेल तर तिचा मोह नको. जाड असते म्हणून रेझिस्टन्स तसा कमीच, पण ती एकेरी कडक तार स्पीकरच्या टर्मिनलला धड बसत नाही आणि पितळेला लागलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यात खराब होतं. जुनी टेलिफोनची तार तर अर्धा मिलिमीटर जाडीची, ती फक्त घंटीला.

सपरीला लागून गोठा आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर गोमूत्राचा अमोनिया तांब्याला आणि पितळेला खातो. वायरीचं आवरण टिकतं, पण उघडी टोकं हिरवी-निळी होतात आणि जोड जातो. तिथे कल्हईची वायर, नाहीतर टोकांना सोल्डर लावून वर स्लीव्ह. आणि घरात कापूस भरत असाल तर त्याच्या गंजीखालून वायर नेऊ नका. स्पीकरच्या वायरीतून ठिणगी पडायची शक्यता थोडी, पण ॲम्प बिघडला तर शॉर्ट झालेली वायर तापते, आणि कापूस वाट बघत बसत नाही.

एक आक्षेप हमखास येतो: ‘मंदिराचा भोंगा तर एवढ्या बारीक वायरवर गावाच्या त्या टोकापर्यंत वाजते, मंग आपल्याले काऊन जाड पाहिजे?’ मंदिरातल्या अहुजासारख्या ॲम्पला मागे १०० व्होल्टचं टर्मिनल असतं आणि भोंग्यापाशी लाइन ट्रान्सफॉर्मर. ३० वॅटला १०० व्होल्टवर करंट फक्त ०.३ अँपिअर लागतो, तेच ८ ओहमवर थेट द्यायचं तर जवळपास दोन अँपिअर. करंट कमी म्हणून वायर बारीक चालते. घरच्या स्टिरिओला हे गणित लागू नाही. आणि मंदिरातला तो ट्रान्सफॉर्मर घरी आणून लावायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका, स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये खालचे आणि वरचे दोन्ही सूर मारले जातात.

वायरीपेक्षा जोडांवर जास्त वेळ घाला, मी तर म्हणतो दुप्पट. टेपने गुंडाळलेला पिळा आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही, टेपचा गोंद वितळून ओघळतो. सपरीपर्यंत अखंड तुकडा न्या. मधे जोड आलाच तर सोल्डर करून स्लीव्ह घाला. अडीचची वायर ॲम्पच्या मागच्या स्प्रिंगच्या क्लिपमध्ये मावत नाही, तेव्हा अर्ध्या तारा कापून उरलेल्या आत कोंबायची आपल्याकडे खोड आहे. त्याऐवजी पिन थिंबल (वायरीच्या टोकावर बसणारी धातूची पिन) दाबून घ्या. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये, ॲम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर त्यानेच जातात. डावी-उजवी लांबी सारखी करायच्या नादात जास्तीची वायर गुंडाळून ठेवू नका. दोन-चार मीटरच्या फरकाने कानाला काही कळत नाही.

आणि एक हात जोडून सांगतो. स्पीकरच्या वायरीला विजेची टू-पिन लावू नका. स्पीकरच्या डब्ब्यांना टू-पिन आणि ॲम्पला सॉकेट, ही सोय मी पुष्कळ घरांत पाहिली. एखाद्या दिवशी घरातलं पोरगं ती पिन भिंतीतल्या बोर्डात घालतं. स्पीकर जळतो हे सगळ्यात स्वस्त नुकसान. त्याच कारणासाठी स्पीकरची वायर विजेच्या पाइपातून नेऊ नका, वेगळी केसिंग पट्टी मारा. उंदरांपासूनही सुटका होईल.

चारही स्पीकर एकाच वेळी वाजवणार असाल तर ॲम्पच्या मागे काय लिहिलंय ते बघा. प्रत्येक चॅनलवर ८ ओहमचे दोन समांतर लागले की ४ ओहम होतात. ‘किमान ४ ओहम’ असेल तर ठीक. ‘किमान ८’ असेल तर एका वेळी एकच जोडी वाजवा, त्यासाठी साधा निवड-स्विच मिळतो. सपरीची वायर खोलीतल्या स्पीकरवरून पुढे ओढू नका, थेट ॲम्पपासून वेगळी आणा. नाहीतर खोलीच्या एक स्क्वेअर एमएमवर दोघांचा भार येतो आणि वरचा सगळा हिशेब फिसकटतो.

हे सगळं झाल्यावरही रब्बीत संध्याकाळी आवाज मेलेला वाटला तर वायरीला दोष देऊ नका. शिवारातल्या मोटरी चालू झाल्या की गावात १८० व्होल्ट राहतात, आणि जुन्या साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पची ताकद तेवढ्याने दोन डीबी उतरते. चौदा छहत्तरने खाल्लं असतं त्याच्याही जवळपास दुप्पट. त्यावर स्टॅबिलायझर हाच उपाय.

पट्टी ठोकण्याआधी एक दीड व्होल्टचा सेल घ्या. ॲम्पकडची टोकं ॲम्पपासून सोडवा, प्लसची तार सेलच्या प्लसला आणि मायनसची मायनसला क्षणभर टेकवा. सपरीतल्या स्पीकरचा मोठा कोन टक करून बाहेर आला तर सरळ लागली, आत गेला तर स्पीकरच्या मागच्या तारा उलट करा. चारही स्पीकरांचं असंच करा. एक जरी उलटा राहिला तर त्या जोडीचा बास निम्मा गायब होतो, आणि मग तुम्ही पुन्हा वायर बदलायला निघाल. स्पीकरपाशी हातभर वायर जास्तीची सोडा, दिवाळीच्या रंगरंगोटीला डबा खाली घ्यावा लागतोच.